विनूसाठी आणलेला रोल

त्या वर्षी आमच्या घरात कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नसे. भांडण झालेलं नव्हतं. सगळी कामं वेळच्या वेळी होत होती. सकाळी आजी अंगणात सडा टाकायची, बाबा विहिरीचं पाणी काढायचे तेव्हा रहाट कुरकुरायचा, मग चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज यायचा. ताटात अंबाडीची भाजी असे, नाहीतर पिठलं आणि वर कच्च्या तेलाची धार, पावसाळ्यात कधी तरोट्याची कोवळी पानं. जेवताना बाबा ताटाकडे पाहत, आजी चुलीकडे आणि आई भिंतीकडे. भाजीत मीठ पडलं नाही तर कोणी सांगत नसे आणि मागतही नसे. ओवी आणि निहार, मागच्या रविवारी तुम्ही स्क्रीनवरून मला विचारलंत की आजी, तुझ्या लहानपणीच्या अल्बमच्या सुरुवातीला माणसं का नाहीत, नुसती पाण्यावरची पाखरंच का आहेत. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. त्याचं उत्तर थोडं लांब आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझे बाबा मारेगावला शाळेत इंग्रजी शिकवत. आमचं घर गावाच्या कडेला होतं. मागच्या दारातून कपाशीची दोन-तीन वावरं ओलांडली की तलावाची पाळ लागायची. तलावापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. बदली होऊन जाणाऱ्या एका शिक्षकाकडून बाबांनी कॅमेरा घेतला होता. तुम्ही पाहिलेले कॅमेरे डोळ्याला लावायचे असतात. हा पोटाशी धरून वरून त्याच्या काचेत पाहायचा, आणि त्या काचेत डावीकडचं उजवीकडे दिसायचं. पाठीमागे एक छोटी लाल काच होती, तिच्यातून कितवा फोटो आहे तो आकडा वाचायचा. एका रोलमध्ये बाराच फोटो. बाबांनी तो घेतला विनूसाठी.

विनू माझा भाऊ, माझ्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला. पण आमच्याकडे एक पद्धत होती, तुमच्या आईच्या वेळीही काही घरांत होती, की जावळ काढेपर्यंत मुलाचा फोटो काढायचा नाही. फोटोनं आयुष्य उणं होतं म्हणत. शाळेत मुलांसमोर बाबा असल्या समजुतींची यथेच्छ टिंगल करत, पण घरी आजीपुढे त्यांनी वाद घातला नाही. तेवढे काही महिने थांबू, मग काढू, असा त्यांचा हिशेब. जावळाची तिथी ठरली, मांडीवर घेऊन बसायला माझ्या मामाला निरोप गेला, बाबांनी यवतमाळहून नवा रोल आणला, आणि गावात गोवर आला. विनू गेला. रोल कॅमेऱ्यात भरायचाच राहिला होता. कॅमेरा खुंटीवर आणि रोल फडताळात, असे ते दोन्ही तिथेच राहिले.

विनूचा चेहरा कसा होता ते मला आज सांगता येत नाही. त्याच्या कानामागे एक तीळ होता तो आठवतो, दूध प्यायल्यावर त्याला उचकी लागायची ती आठवते. चेहरा येत नाही. त्या वेळी मला रडूही आलं नव्हतं. दाढ काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात तेव्हा आपला ओठ हाताला लागतो पण तो आपला वाटत नाही, घर तसं झालं होतं. शेजारच्या बायका येऊन बसत, उठून जात. कोणी विनूचं नाव घेत नसे.

पुढच्या आषाढात आईला पुन्हा मुलगा झाला. तो जगला आणि आज त्याला नातवंडं आहेत. व्हिडिओवर आपलं टक्कल थोपटून तुम्हाला हसवणारे वसंत आजोबा म्हणजे तोच. पण हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्हीही घटकाभर विसरून वाचा. आजीनं त्याचं नाव धोंड्या ठेवलं. आधीचं मूल गेलेलं असलं की पुढच्याला असंच काहीतरी नाव देत, दगडधोंड्याला कोण नेणार म्हणून. खरं नाव ठेवायला बारसं हवं, आणि आई म्हणाली, बारसं नको. ती खोलीत बाजेवर बसून असायची, शेगडीवरच्या ओव्याच्या धुरात. बाळाला पाजताना ती पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करायची. पाजून झालं की त्याच्या तोंडावर मलमलचं फडकं टाकायची आणि तसाच तो माझ्या मांडीवर द्यायची. माश्या बसतात, म्हणायची. आंघोळ आजी घालायची, तेवढ्या वेळ आई उठून मागच्या दारी जायची. तिनं त्याला एकदाही नीट पाहिलं नाही, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. बाबांच्या ते आधीच लक्षात आलं असावं.

एका संध्याकाळी बाबा खोलीच्या उंबरठ्यापाशी येऊन उभे राहिले. "याचा एक काढू दे," ते म्हणाले. "रोल वर्षभर पडून आहे."

आजी तव्यावर बाळंतशेपा भाजत होती. "जावळ झालं काय त्याचं? मंग कायले विषय काढतं?"

"आई, मी हिले विचारून राह्यलो."

आई भिंतीकडेच पाहत होती. "नाई," ती म्हणाली.

"मग त्या रोलचं काय करू? सडून जाईन तो."

"तळ्यावर पाखरं हायेत ना एवढाले. त्यायच्या पिल्लायचे काढा. त्यायले जावळ नाई अन् काई नाई." मग ती म्हणाली, "ते जगले तर पाहू."

ती चिडून बोलली की नुसतं बोलणं संपवायला बोलली, कोण जाणे. पण बाबांनी ते शेवटचं वाक्य धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फडताळातला रोल काढला, पाठमोरं उभं राहून कॅमेऱ्यात भरला आणि मला म्हणाले, चल.

तलावाच्या उथळ अंगाला कमळाची पानं दाट पसरलेली होती. त्यांवरून लांब शेपटीचे, मानेवर सोनेरी पट्टा असलेले पक्षी चालायचे. त्यांची बोटं इतकी लांब की पान बुडायचं नाही. कमळपक्षी. एका जोडीनं तरंगत्या पानांवर चार अंडी घातली होती, तपकिरी आणि पॉलिश केल्यासारखी चकचकीत. बाबांनी तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, एक आडोसा बांधला, चार बांबूंना तुराट्या आणि वरून पोतं, आणि तो रोज सकाळी थोडाथोडा पुढे सरकवत नेला, म्हणजे पाखरांना त्याची सवय व्हावी. कमरेपर्यंत पाण्यात, गाळात पाय रोवून, ते त्या आडोशात उभे राहत. मी पाळीवर बसून त्यांचा सदरा आणि चपला सांभाळत असे.

तांड्यावरची चांदीबाई तिथेच म्हशी चारायची. आमच्याकडे रतीबही तिचाच होता. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेला हात डोळ्यांवर धरून ती पहिल्या दिवशी बराच वेळ पाहत राहिली.

"गुरजी," तिनं हाक दिली, "जाळं नाई, गळ नाई, मासोळ्यायले काय नावानं बोलावता?"

"पाखरं पाहून राह्यलो," बाबा आतून म्हणाले.

"अन् घरी झोपडी बांधाले जागा नव्हती?" मग माझ्याजवळ बसून तिनं आवाज बारीक केला. "याडी कशी हाये तुझी?" याडी म्हणजे आई. मी म्हटलं, बरी आहे. तिनं मान हलवली आणि म्हशींमागे गेली.

अंडी फुटली त्या सकाळी बाबांनी मला खांद्यावर बसवून आडोशापाशी नेलं, तेरा वर्षांच्या घोडीला. पिल्लं आपल्या अंगठ्याएवढी होती आणि त्यांचे पाय त्यांच्याहून मोठे. कापसाच्या बोंडाला काड्या टोचाव्यात तशी ती दिसत. निघाल्या निघाल्या ती पानांवरून चालायला लागली. घार वरून गेली की मोठं पाखरू एक बारीक आवाज करायचं, आणि पिल्लं जिथल्या तिथे पाण्यात बसायची, फक्त चोचीचं टोक वर. आवाज थांबला की पुन्हा चालू. आम्ही त्या मोठ्या पाखराला माऊली म्हणत असू. पुढे कॉलेजात असताना एका इंग्रजी पुस्तकात वाचलं की या जातीत अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं हे सगळं नर करतो, मादी अंडी घालून दुसरीकडे निघून जाते. म्हणजे आमची माऊली बाप्या होती. मी बाबांना पत्रातून ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं त्यात बाकीच्या सगळ्या गोष्टी होत्या, ही नव्हती.

बाबा एका सकाळी एकच फोटो काढत. मी लाल काचेतला आकडा वाचून दाखवायची. अंडी फुटली त्या दिवशी जेवताना बाबा एकदम म्हणाले, "चार निघाली." आजीनं वर पाहिलं. आईनं घास तसाच हातात धरला. दुसऱ्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत, तेव्हा आईनंच विचारलं, "आज?"

"चार."

असं ते सुरू झालं. बाबा तलावावरून आले की आई बाजेवरून विचारायची, किती? तेवढंच. ते आकडा सांगायचे. मी पाय धुवायला जायची. एका सकाळी बाबा आडोशातून नेहमीपेक्षा उशिरा बाहेर आले. "तीनच दिसतात," ते मला म्हणाले. पाळीवरून आम्ही दोघांनी ऊन चढेपर्यंत पाहिलं. तीनच. मला वाटलं, घरी चार सांगतील. घरी गेल्यावर त्यांनी तीन सांगितलं. आई म्हणाली, "बरं." त्यानंतर दोन-चार दिवसांनी आणखी एक कमी झालं. पाणसाप असेल, घार असेल. त्या दिवशी किती म्हणून तिनं विचारलं तेव्हा बाबांनी दोन बोटं वर केली.

आजी भाकरी उलटत होती. "राहतील कशे?" ती म्हणाली. "रोज त्यायच्या तोंडापुढं तो डबा धरतं. पाखराचं झालं म्हणून काय झालं, लेकरंच होत ना ते. बंद कर म्हणतो मी."

"आई, पिल्लं अशीच जातात. कोणी फोटो नाही काढला तरी जातात."

"हो, तुले सगळं माईत."

"मंग विनूचा मी कुठं काढला होता?" बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण भांडं पडल्यासारखं सगळे थांबले. "सांग ना. एक तरी काढला होता काय?"

वर्षाहून जास्त काळ त्या घरात ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. आजीच्या हातातली भाकरी तव्यावर करपली, तिचा वास अजून माझ्या नाकात आहे. आई ताटावरून उठली. बाळ माझ्याकडे होतं, ते घेऊन ती खोलीत गेली. बाबांनी ताटातलं सगळं संपवलं, हात धुतला आणि मुलांच्या वह्या तपासायला बसले. मी भांडी उचलली. मला त्या वेळी काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. काही वाटलं नाही. भांडी किती आहेत ते पाहिलं आणि घासायला घेतली.

त्याच रात्री झड लागली. आमच्याकडे झड लागते म्हणजे दिवसचे दिवस पाऊस थांबत नाही, जोराचाही नसतो आणि उघडतही नाही. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, चूल धुमसत राहते. बाबा शाळेत जाऊन येत आणि पुस्तक घेऊन बसत. तलावाकडे कोणी गेलं नाही. आजीनं ज्वारीच्या कण्या शिजवल्या, त्या आम्ही ताकासोबत खाल्ल्या. नंतर एका सकाळी, रविवार असावा, आई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"पाखरांकडे जात नाई का आज?"

"झड आहे," बाबा म्हणाले.

"म्हणूनच म्हणून राह्यली. पाहून या." तिनं पोत्याच्या दोन खोळी काढून आणल्या, एक बाबांना दिली, एक माझ्या डोक्यावर चढवली. चढवताना तिचा हात माझ्या गालाला लागला. तो गरम होता.

तलाव ओळखू येत नव्हता. सांडव्यावरून पाणी पडत होतं, कमळाची पानं एका बाजूला ढकलली जाऊन तिथे हिरवा ढीग झाला होता. आडोसा नव्हता. चांदीबाई पळसाखाली म्हशींच्या मध्ये बसली होती.

"गुरजी, तुमची झोपडी वाहत वाहत मुकुटबनले पोचली असन आतालोक," ती म्हणाली. मग बाबांचा चेहरा पाहून तिनं हात लांब केला. "तिकडं पाहा. त्या बाभळीकडं. सकाळपासून एक फिरून राह्यलं तिथं."

बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांत पानांचा एक पुंजका अडकला होता आणि त्यावर मोठं पाखरू उभं होतं. एकटं. बाबा पाण्यात उतरले आणि छातीपर्यंत पाण्यात गेले. कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. मी पाळीवरून पाहत होते. पाखरू उडालं नाही. ते विचित्र दिसत होतं, पोटाखाली काहीतरी लोंबत होतं.

"पाय मोज," बाबा न वळता ओरडले. "त्याला पाय किती आहेत बघ!"

मी मोजले. मला सहा दिसले. पंखांखालून, दोन्ही बाजूंनी, काड्यांसारखे पाय लोंबत होते. चांदीबाई हसायला लागली, "सहा पायाचं पाखरू, मायबाई!" मग पाखरानं पंख जरा उचलले आणि दोन पिल्लं पानावर पडली, उठली, चालायला लागली. बाबांनी त्या दिवशी नेहमीची शिस्त सोडली. एकामागून एक फोटो काढले. मग पाण्याबाहेर आले. मी लाल काचेत पाहिलं, आकडा नव्हता. रोल संपला होता.

पळसाखाली त्यांनी कॅमेरा उघडला, रोल बाहेर काढला, आणि त्यावरची डिंकाची पट्टी ओली करायला माझ्यापुढे धरली. मी ती चाटून चिकटवली. येताना आम्ही गावातून वळसा घेतला, मोटारस्टँडवर यवतमाळची गाडी उभी होती आणि तिच्यात बाबांचे एक सहकारी बसलेले होते. धुवायला टाकण्यासाठी बाबांनी खिडकीतून रोल त्यांच्या हाती दिला.

आई अंगणात ओसरीच्या कडेला उभी होती. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच पुढच्या अंगणात आली होती. पाऊस थांबला होता, आभाळ पांढरं होतं.

"किती?"

"दोन," बाबा म्हणाले. "दोन्ही आहेत."

"खातात?"

"आपलं आपण. कोणी भरवत नाही त्यांना."

ती आत गेली. आम्ही पायाचा चिखल काढत होतो तेव्हा ती बाळाला घेऊन आली. फडकं नव्हतं. तिची मान दुसरीकडे वळलेली होती, पण हात पुढे केलेले होते. "काढा," ती म्हणाली.

आजी चुलीपासून उठून आली. "जावळ नाई झालं, सूनबाई."

"नाई झालं, आत्याबाई," आई म्हणाली. "त्याचंही नव्हतं झालं."

आजी खाली बसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. कॅमेरा रिकामा होता आणि गावात रोल मिळत नव्हता. पुढचा यवतमाळहून यायचा, तोवर आई पुन्हा बाहेर येईल की नाही कोण सांगणार. बाबांनी गळ्यातला कॅमेरा पोटाशी घेतला, झाकण उघडलं आणि वरून काचेत पाहिलं.

"उजेडाकडे वळव त्याला," ते म्हणाले.

आईनं वळवलं.

"मान खाली झाली त्याची. हनुवटीखाली बोट धर. अंहं, जरा वर. डोळे उघडे आहेत का बघ."

त्यासाठी तिला पाहावंच लागलं. बाबांनी घाई केली नाही. काचेत ती दोघं उलटी दिसत असतील, डावीकडची उजवीकडे. आई मान वाकवून त्याच्या तोंडाकडे पाहत होती, पदर खांद्यावरून घसरला तरी तिनं सावरला नाही. बाळानं जांभई दिली. मग खटका दाबल्याचा आवाज झाला.

"झाला?" आईनं मान वर न करता विचारलं.

"झाला."

ती आणखी थोडा वेळ पाहत राहिली. "विनूसारखा नाई हा," ती म्हणाली.

"नाईच मुळी," आजी म्हणाली. "तुझ्या भावावर गेला."

त्या दिवशी आई आमच्याबरोबर ओसरीत जेवली, बाळ मांडीवर उघडं घेऊन. भाजीत मीठ कमी होतं, तिनं मागून घेतलं. आठवड्यानं बारसं झालं. रोल धुऊन आला तेव्हा बाबांनी सगळे फोटो चटईवर मांडले. पाखरं त्यांत फार लहान आली होती, काहींमध्ये नुसती पानं आणि पाणी होतं, एकात बाबांचाच अंगठा. आईनं एकेक उचलून पाहिला. सहा पायांचा तिनं बराच वेळ हातात धरला, बाळाच्या तोंडापुढे नाचवला, आणि सगळे गोळा करून, कडा जुळवून बाबांना परत दिले. अंगणातल्या त्या सकाळचा फोटो कुठे आहे, असं तिनं तेव्हा विचारलं नाही. पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, तेवढ्या वर्षांतही कधी विचारलं नाही.